निवळलेल्या आभाळाची दुपार

फाल्गुन लागला की बुलडाण्यात माझं नाक माझ्यापेक्षा जास्त काम करू लागतं. आमचं शहर घाटाच्या माथ्यावर. खाली पसरलेल्या शिवारात कुणी धुरा पेटवला, म्हणजे शेताच्या बांधावरचं वाळलेलं गवत जाळलं, की त्याचा वास दहा-साडेदहाच्या सुमाराला घाट चढून वर येतो. त्याआधी येत नाही. सकाळी तो खालीच बसून असतो. परवा दुसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबले आणि खिडकीशी गेले, तेव्हा वर्गातल्या मुलींना वाटलं, मॅडमना बाहेर कुणीतरी दिसलं. मला कुणी दिसलं नव्हतं. मला सागाचा पाला जळल्याचा वास आला होता, आणि सागाचा पाला धुऱ्यावर नसतो. घाटाच्या अंगाला कुठेतरी जंगल पेटलं होतं.

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तर सगळे हसले. "मॅडम, तुमचं नाक वनखात्याला देऊन टाका," एक सर म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरातलं एक नाक त्याच कामात झिजलंय, दुसरं कशाला. माझे बाबा अंगारी होते. उन्हाळ्याचे चार महिने जंगलावर नजर ठेवायची, धूर दिसला की धावायचं, पेटलेलं विझवायचं, असं रोजंदारीचं काम करणाऱ्या माणसाला आमच्याकडे अंगारी म्हणतात. सोनाळ्याच्या उत्तरेला, सातपुडा सपाटीतून एकदम उठून उभा राहतो तिथे, अगदी पायथ्याशी आमचं गाव. ओट्यावर बसलं की समोर डोंगर आणि पाठीमागे कपाशीचं रान. बाबांचं सगळं आयुष्य समोर बघण्यात गेलं, पाठीमागच्या रानात आमचं काही नव्हतंही.

बाबांना धूर वाचता येत असे. मला अक्षरं यायच्या आधी त्यांनी मला धूर शिकवला. पांढरा, दाट, जड धूर म्हणजे ओलं जळतंय. निळसर आणि विरळ म्हणजे पाला नुसता धुमसतोय. काळाकुट्ट असला तर ते जंगल नव्हेच, कुणीतरी ठिबकच्या जुन्या नळ्या पेटवल्या. "धुराकडं पाह्यशीन त बुडाकडं पाह्य," ते म्हणायचे, "शेंड्याकडं नाही. शेंडा वाऱ्याचा असते, बूड आगीचं असते." पुढे मी भूगोल घेऊन शिकले, वातावरणाचे थर तोंडपाठ केले, परीक्षेत त्यांच्या आकृत्या काढून गुण मिळवले, आणि बाबांचा हा धडा माझ्या मते मागे पडला. मी जरा शहाणी झाले होते. शिकलेल्या माणसाला असा शहाणपणा पहिली चार-पाच वर्षं फार चढलेला असतो.

थंडी सरायच्या आधी बाबा आणि त्यांचे सोबती जाळरेषा काढायला जात. डोंगराच्या अंगावर रस्त्याएवढा रुंद पट्टा आखायचा, त्यातलं गवत पहाटेच्या दवात, माणसं दोन्ही बाजूंना उभी ठेवून, आपणच जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात वणवा आला तरी त्या पट्ट्यापाशी त्याला पुढे जायला काही उरत नाही. लहानपणी मला हे भलतंच वाटे. आगीपासून वाचवायचं म्हणून आधीच आग लावायची. एकदा मी विचारलं तर बाबा म्हणाले, "तिले जेव्हा भूक नसते ना, तेव्हाच तिच्या हातून काम करून घ्याचं." भुकेची वेळ म्हणजे चैत्रातली दुपार. त्या वेळेला बाबा घरात चूलही जरा दबकतच पेटवू देत.

मायचं मात्र सगळं चैत्रातच असे. फाल्गुनाच्या शेवटापासून मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटे झाडाखाली उभं राहिलं तर टप टप टप असा आवाज चहूबाजूंनी येत राहतो आणि अंधार उजळत जातो तसतशी पिवळसर, रसाने फुगलेली फुलं जमिनीवर दिसू लागतात. त्या वेळी जो गोड, किंचित आंबूस वास असतो, तो अंगाला, लुगड्याला, टोपलीला चिकटून घरी येतो. आमच्या गावात कुणाचा कोणता मोह हे ठरलेलं आहे. आमचा मोह डोंगराच्या मधल्या उतारावर, जंगल सुरू होतं त्या कडेला.

फुलं वेचायची तर झाडाखाली पाला नको. पाल्यात पडलेलं फूल सापडत नाही. म्हणून बहुतेक बाया मोसम लागायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. दोन तासांत जमीन स्वच्छ. त्यातलीच एखादी आग नजर चुकवून गवतात शिरते आणि मग अंगारी धावत सुटतात. अंगाऱ्याच्या बायकोने तरी पाला पेटवू नये, असं बाबांचं म्हणणं होतं. मायला ते पटलं नव्हतं, पण तिने मान्य केलं होतं, आणि मान्य केलेली गोष्ट माय रागाने दुप्पट करते. तुराट्यांचा खराटा घेऊन ती दोन-दोन दिवस झाडाखाली झाडत बसे. झाडाच्या सावलीएवढं पुरलं असतं, पण ती त्याच्या दुप्पट घेर झाडायची. बाकीच्या बाया येता-जाता म्हणत, "काऊन वं, जंगलात बी सडा टाकतं का आता?" माय आणखी दोन हात पुढे झाडायची.

वणव्याच्या त्या वर्षाला आता आठ वर्षं झाली असतील. मी सोनाळ्याच्या शाळेत नवीनच लागले होते आणि घरूनच जाऊन-येऊन करत होते. होळीनंतरच्या आठवड्यात तिसऱ्या डोंगराच्या पलीकडे वणवा लागला. कुणी लावला, कसा लागला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या दिवशी दिवेलागणीला आम्ही ओट्यावर उभ्या होतो आणि लांबच्या डोंगराच्या पाठीवर एक बारीक लाल रेघ सरकत होती. निखाऱ्यावर पापड धरला की त्याची कड लाल होत होत आत सरकते आणि मागे काळं राहतं, हुबेहूब तसं. इतक्या लांबून आवाज येत नव्हता, धग येत नव्हती. नुसती ती रेघ. खरं सांगते, मला ती सुंदर वाटली. माय म्हणाली, "आत ये. तिच्याकडं इतकं पाह्यनं बरं नाही." पण ती स्वतः हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सूर्य बदलला. चार वाजल्यानंतर त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं. लाल भोपळ्याच्या फोडीच्या रंगाचा, कड स्पष्ट असलेला, गरगरीत गोळा. त्याच्या उजेडात सगळ्या गावाचा रंग गेला. भिंती तांबूस, कोंबड्या तांबूस, मायचे पांढरे केससुद्धा तांबूस. मी शाळेत शिकवत होतेच, की हवेतल्या बारीक कणांतून येताना निळा उजेड विखरून जातो आणि लाल तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. शिकवणं वेगळं आणि त्या लाल उजेडात आपला हात डोळ्यांपुढे धरून बघणं वेगळं. नांदुऱ्याहून मामांचा फोन आला, की आमच्या इकडे दिवस मावळताना आभाळ असं लाल काऊन होऊन राह्यलं. इतक्या दूरवर, मधली सगळी गावं ओलांडून, आमच्या डोंगरातली पानं गेली होती.

पानं म्हणते, कारण ती खरंच येत होती. सोनाळ्याच्या बाजारात भाजीवाल्यांच्या पाट्यांवर राख पडली. एकदा शाळेच्या अंगणात माझ्या तळहातावर सागाच्या पानाचा एक तुकडा उतरला. पूर्ण राखेचा, पण शिरांची जाळी जशीच्या तशी, एकेक शीर मोजता यावी इतकी नीट. मी श्वास रोखून वर्गातल्या मुलींना दाखवायला दोन पावलं चालले, तेवढ्या वाऱ्याने ती मोडली. तळहातावर करडी पूड राहिली, बाकी काही नाही.

आणि दुपारी तो ढग. बारानंतर डोंगराच्या मागून धुराचा खांब सरळ वर चढायचा, चढता चढता रुंद व्हायचा, आणि खूप उंचीवर, जिथे तो थंड हवेला लागत असेल तिथे, त्याच्या माथ्यावर पांढराशुभ्र ढग फुटायचा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, उन्हात चमकणारा. खाली करपलेला धूर आणि वर असा धुतलेला ढग. पाऊस त्यातून पडला नाही. पण आगीने आपला स्वतःचा ढग तयार केला, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला ते दूर कुठल्यातरी देशात होत असेल असं वाटायचं. शाळा सकाळची होती, दुपारी घरी आले की ते माझ्या घराच्या ओट्यावरून दिसत होतं. मी तोंडात पदर धरून बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, तिथे जळणारं एकेक झाड चाळीस वर्षं हवाच तर पीत होतं. पानापानाने हवेतला कोळसा घेत, खोडात साठवत, उंच होत गेलं. आणि आता चाळीस वर्षांचं घेतलेलं एका दुपारी परत करून टाकतंय. एवढी मोठी उलाढाल आपल्या डोक्यावर चालते आणि आपण खाली वही-पेन घेऊन बसलेलो असतो.

सकाळ मात्र निराळी असायची. सकाळी ढग नाही, खांब नाही, रेघ नाही. सकाळी नुसता धूर. रात्रीच्या थंडाव्यात तो डोंगरावरून नाल्या-नाल्यांनी खाली उतरायचा आणि गावात येऊन बसायचा. समोरचा लिंब दिसायचा नाही. मायला त्या धुराने खोकला लागायचा, खोकता खोकता ती वाकून ओट्यावर बसायची. तोंडाला बांधलेलं फडकं फारसं काही अडवत नव्हतं, कारण धुरातले सगळ्यात बारीक कण कपड्यातून आरपार जातात. मी दारं-खिडक्या लावून घ्यायचे, फटींत ओली गोधडी कोंबायचे, आणि सायकल काढून शाळेत जायचे. शाळेत नववीला मी त्या आठवड्यात 'तापमानाची विपरीतता' शिकवत होते. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. पण थंडीच्या पहाटे दऱ्या-खोऱ्यांत उलटं होतं, थंड जड हवा तळाशी बसते आणि उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी येते, मग धूर वर जाऊ शकत नाही. फळ्यावर मी डोंगर काढला, दरी काढली, दरीत धूर काढला. मुलींनी आकृती उतरवून घेतली. माझ्या घरात तोच धूर भरलेला होता आणि माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकदाही शेजारी आल्या नाहीत. आज याचं मला हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

पाचवा दिवस रविवार होता. बाबा आदल्या दिवशीच वर गेले होते, दुसऱ्या डोंगरावरची जाळरेषा राखायला. पहाटे खोकल्याने मला जाग आली तेव्हा माय टोपली आणि पाण्याचा डबा घेऊन उंबऱ्यावर बसलेली होती. तीन दिवस तिला मोहापर्यंत जाता आलं नव्हतं. फुलं पडत होती आणि हरणं, डुकरं खाऊन जात होती. उरलेली उन्हात वाळून कुजत होती. वर्षातले पंधरा-वीस दिवस पडणारं फूल, त्यातले तीन गेले. सात वाजता तिने मला विचारलं, "जाऊ का वं?" बाहेर काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "वेडी झाली का?" नऊ वाजता तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं.

अकराच्या सुमाराला धूर गेला. पडदा बाजूला सारावा तसा तो अर्ध्या तासात उचलला गेला. लिंब दिसला, लिंबामागे डोंगर दिसला, डोंगरावर आमचा उतार दिसला, आणि त्यावर आभाळ, निळं, स्वच्छ, चार दिवसांत पाहिलं नव्हतं असं. मंद वारासुद्धा सुटला, छान वाटणारा. माय ओट्याखाली उतरली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तू शिकेल हायेस. पाह्य बरं, आता जाऊ का?"

मी पाहिलं. डोंगराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि मास्तरणीच्या तोऱ्यात म्हटलं, "निवयलं आता सगळं. इझली असन. जाय, पण लवकर ये."

ती गेली. मी दार उघडं टाकून, मोकळ्या हवेत, नववीच्या वह्या तपासायला बसले. एकीत लिहिलं होतं: 'सकाळी थंड हवा खाली बसल्यामुळे धूर वर जात नाही व दरीत साठतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, हवा वर जाऊ लागते व धूरही वर जातो. म्हणजे धूर संपत नाही, फक्त जागा बदलतो.' शेवटचं वाक्य मी शिकवलं नव्हतं. ते त्या मुलीचं स्वतःचं होतं. मी खूश होऊन लाल पेनाने बरोबरची खूण केली, आणि ती खूण पूर्ण व्हायच्या आत माझा हात थांबला.

मी बाहेर आले. धूर गावातून गेला होता, आणि डोंगरामागून त्याचा खांब वर निघाला होता. आधीच्या दिवसांपेक्षा जवळ. कितीतरी जवळ. जो वारा मला छान वाटला होता तो डोंगर चढत होता. सकाळभर थंड हवेच्या झाकणाखाली आग दबून धुमसत होती. दुपारी झाकण उघडलं, वारा मिळाला, आणि ती उठली. गावातला धूर ही ती दबली असल्याची खूण होती. निवळलेलं आभाळ ही ती मोकळी सुटल्याची. आधीचे तीन दिवस रोज दुपारी तो खांब मी कौतुकाने पाहिला होता. तरी मी मायला उलटं सांगितलं होतं.

चप्पल पायात कशी आली ते आठवत नाही. वाळलेल्या नाल्याच्या काठाने मी डोंगराच्या बुडाशी पोचले तेव्हा वरच्या बाजूला उजवीकडे आग दिसत होती. कुठूनतरी वळसा घालून ती नाल्यात उतरली होती आणि आता आमच्या उतारावर चढत होती. मी वर धावणार तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. बाबा होते. जाळरेषेला बगल देऊन आग खाली निसटल्याचं पाहून ते गावाला सांगायला उतरत होते.

"चढू नोको," ते म्हणाले. "आग चढावर पयते. तू पुढं अन् ती मागं, मंग झालं."

"बाबा, माय वर हाय. मोहाखाली."

बाबांनी माझा दंड सोडला नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघू शकले नाही, त्यांच्या हाताकडे बघत होते. दुसऱ्या हाताने त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली आणि सोडली. माती डोंगराकडे उडाली. मग ते मला जवळजवळ ओढत त्या जागेकडे घेऊन गेले जिथून आग आधीच गेली होती, काळ्या जमिनीवर. "अथी उभी राह्य. अथी तिले खायाले काही उरलं नाही. समोरची पुढं सरकली का मी जातो." मी म्हटलं, आत्ता जा. ते म्हणाले, "आत्ता गेलो त दोघं जातीन." आणि ते थांबले. मी आयुष्यात अनेक गोष्टींची वाट पाहिली, निकालाची, नेमणुकीच्या पत्राची. ती दहा मिनिटं त्या सगळ्यांना पुरून उरली.

त्या दहा मिनिटांत मी आग पहिल्यांदा जवळून पाहिली. तिला आवाज होता. कढईत मोहरी तडतडते तसा, पण सगळ्या डोंगराएवढा, आणि त्याखाली आणखी एक जाड, न थांबणारा आवाज, हवा ओढून घेतल्याचा. ती सगळी हवा आमच्या पाठीकडून तिच्याकडे चालली होती, माझा पदर तिच्याकडे उडत होता. कोतवाल पक्षी तिच्या पुढे-पुढे सुरकांड्या मारत उडालेले किडे टिपत होते, वर घारी फिरत होत्या, जणू जत्रा भरली होती. वाळलेल्या गवतात ती कमरेएवढी व्हायची आणि पाल्यात गुडघ्याएवढी. जिथे काही नसे तिथे ती घुटमळायची आणि बाजूने निघून जायची. माय वर होती, आणि तरीही मी ते सगळं पाहत होते. पाहणं थांबवता येत नव्हतं. या गोष्टीची मला अजून लाज वाटते आणि अजून नीट समजूत पटलेली नाही.

मग बाबा निघाले. मी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत. माझ्या चपलेचा तळ मऊ झाला होता, दोन्ही बाजूंना बुंधे धुमसत होते, आणि बाबा न धावता, जळक्या फांद्यांकडे वर बघत बघत चालत होते. काळं, काळं, सगळं काळं. आणि त्या काळ्यात एकदम मातीच्या रंगाचा एक मोठा गोल आला. मायने झाडलेला. त्याच्या कडेपर्यंत सगळं जळून गेलं होतं आणि आत एक काडी जळलेली नव्हती. मध्ये मोह उभा, खालच्या फांद्यांची फुलं होरपळलेली, आणि बुंध्याला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, ओला पदर तोंडावर धरून, तोंड जवळजवळ जमिनीला टेकवून माय बसलेली.

बाबा त्या कडेपाशीच उभे राहिले. मी पुढे धावले, तशी तिने मान वर केली. डोळे लाल, आवाज बसलेला. "पाय नोको ठेऊ," ती म्हणाली. "फुलं हायेत."

मी खाली पाहिलं. सगळ्या गोलात फुलं पडलेली होती, आणि आमच्या देखत आणखी एक-दोन पडली. टप. टप. मी तिथेच खाली बसले.

बाबांनी तिला पाणी पाजलं, तिच्या हातापायांवरून हात फिरवून पाहिलं. सगळं ठीक आहे हे कळल्यावरच त्यांना राग आला. "कोनं सांगतलं तुले आज यायाले?" त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी तोंड उघडलं. त्याआधी माय म्हणाली, "कोन सांगते मले? माही मीच आली. घरात जीव लागत नव्हता." आणि टोपली उचलून तिने माझ्या हातात दिली, अशी की मला ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

नंतर तिने सांगितलं की आग येताना आधी आवाज आला, मग उष्ण वारा, मग ससे पळत गेले. पळावं असं तिलाही वाटलं, पण खाली आग होती आणि वर चढण होती, म्हणून ती झाडलेल्या जागेच्या मधोमध आली, डब्यातलं पाणी पदरावर ओतलं आणि खाली वाकली, कारण श्वास जमिनीजवळच येत होता. एक घोरपड सरपटत आली आणि तिच्यापासून दोन हातांवर बसली. "तिनं माह्याकडं पाह्यलं नाही, मी तिच्याकडं पाह्यलं नाही," माय सांगते. "दोघीबी आपापल्या जिवाले धरून होतो." आग निघून गेल्यावर घोरपड उठली आणि काळ्या जमिनीकडे बघून पुन्हा बसली. जमीन थंड व्हायची ती वाट बघत असावी.

मायच्या छातीत तो धूर पुढे कित्येक महिने राहिला. अजूनही होळीच्या सुमाराला तिला खोकला लागतो. सोनाळ्याला होते तोवर मी धुराच्या सकाळी शाळेत प्रार्थना मैदानावर घेऊ दिली नाही, आणि आता बुलडाण्यातही मुलींना म्हणते, दुपारी आभाळ निवळलं की डोंगराकडे बघा, शेंड्याकडे नको, बुडाकडे. आग जवळ असेल तर जंगलात जाऊ नका, चढावर तर मुळीच नको, आणि सापडलातच तर जळून गेलेल्या किंवा उघड्या जमिनीवर या. अलीकडे आकाशातल्या उपग्रहाला कुठेही आग दिसली की वनरक्षकांच्या मोबाईलवर ठिपका येतो म्हणे. चांगलंच आहे. आमच्या गावात आता मायचं पाहून आणखी दोघी जणी झाडतात. बाकीच्या अजून पेटवतातच, आणि अंगारी धावतातच.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी घरी गेले तेव्हा ते सोनाळ्याला बाजाराला गेले होते. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि माय पायांनी ती उलटत होती. मी ओट्यावर बसून बराच वेळ धीर गोळा केला.

"माय, त्या दिवशी तू माह्या सांगन्यावरून गेल्ती."

"कोनत्या दिवशी?"

"आगीच्या."

तिने फुलं उलटायचं थांबवलं नाही. "तुह्या सांगन्यावरून?" ती हसली, मग थोडी खोकली. "तुले भाजीतलं मीठ समजत नाही, अन् तुह्या भरोशावर मी डोंगर चढीन का? मी त पहाटीच ठरोलं होतं. तू तवा झोपेल होती."

त्या पहाटे मी जागी होते. ती उंबऱ्यावर बसली होती, टोपली मांडीवर घेऊन, अकरा वाजेपर्यंत, मी हो म्हणेपर्यंत. हे तिला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. ती माझ्याकडे न बघता फुलं उलटत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. माझ्यासाठी ती दुसऱ्यांदा खोटं बोलली होती.